पोच

सांगलीत माझ्या मित्राच्या खोलीत दोन घड्याळं आहेत. एक आपल्या वेळेचं, दुसरं साडेपाच तास मागं. शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकणारे जगभर ग्रीनिचच्या वेळेनं नोंदी ठेवतात, त्यासाठी ते दुसरं. त्याच्या आईचा, म्हणजे काकूंचा, अर्थ वेगळा. "घड्याळही मागं आणि पोरगाही मागं," असं त्या आल्यागेल्याला ऐकवतात. तो हसतो.

पोरगा सेहेचाळीस वर्षांचा आहे. ज्या कारखान्यात हिशेब लिहायचा तो बंद पडून चार वर्षं झाली; तेव्हापासून घरीच. घर वडिलांचं, काकूंना फॅमिली पेन्शन, डोक्यावर कर्ज नाही, व्यसन नाही. रात्री नऊला हेडफोन कानाला लावायचा, पहाटे तीनला काढायचा, सकाळी अकराला उठायचं. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कपडे वाळत घालायच्या खांबापर्यंत त्यानं तांब्याची तार ताणली आहे. ती त्याची एरियल. मला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. मला खरखर ऐकू येते. त्याला त्याच खरखरीत बुखारेस्ट सापडतं.

अशा मित्राला 'मार्गाला लावायचं' काम आपल्याला कुणी दिलेलं नसतं, तरी आपण ते घेतो. मी पुण्यात बसून वर्षभर त्याला नोकरीच्या जाहिराती पाठवल्या. त्याचा बायोडेटा मीच लिहिला. सकाळी लवकर उठण्याचे फायदे सांगितले (मी स्वतः आठला उठतो). प्रत्येकाला उत्तर एकच: "बघू." मला राग यायचा. आज वाटतं, त्यातला निम्मा राग मित्रासाठी नव्हता. आपल्या बरोबरीचा माणूस नुसता बसलेला बघवत नाही, कारण मग आपण एवढं का धावतोय हा प्रश्न पडतो.

मग मी हुशारी केली. त्याचा नादच कामाला लावू म्हटलं. "यूट्यूब चॅनेल काढ, पैसेही मिळतील." तो पहिल्यांदाच चिडला. "एवढं एक तरी हिशेबाबाहेर राहू दे की." तेव्हा ते आळशाचं उत्तर वाटलं. पुढं एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७१ सालचा प्रयोग वाचनात आला. विद्यार्थ्यांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं दिलं. काहींना ते सोडवण्याचे पैसे दिले, काहींना नाही. पैसे थांबल्यावर, आधी पैसे मिळालेले विद्यार्थी मोकळ्या वेळात त्या कोड्याला कमी हात लावू लागले. पैसे वाईट असं यातून ठरत नाही. पण ज्या माणसाकडं आपणहून करावंसं वाटणारं एकच काम उरलंय, त्याच कामाला मी मोबदल्याची खुंटी ठोकायला निघालो होतो.

आणि खोटं कौतुकही करून झालं. तो एखाद्या केंद्राचं नाव सांगायचा, मी "भारी!" म्हणायचो. एकदा मी सांगलीला गेलो तेव्हा म्हणाला, "तुला कंटाळा येतो हे मला माहितीये. बस नुसता." त्या रात्री मी बसलो. त्यानं एक वही काढली: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमात काय होतं, आणि शेवटी पाच आकडे. सिग्नल किती जोरात, दुसऱ्या केंद्राचा अडथळा किती, खरखर किती, आवाज किती वरखाली होतो आणि एकूण ऐकणं कसं. प्रत्येकाला एक ते पाच गुण. हा अहवाल केंद्राला पाठवायचा. तो खरा ठरला की केंद्र एक कार्ड पाठवतं: अमुक वेळी तुम्ही ऐकलंत ते आम्हीच. आपल्या भाषेत पोच. बुटाच्या खोक्यात त्याच्याकडं अशी कार्डं रचून ठेवलेली आहेत. त्यातली काही केंद्रं आता शॉर्टवेव्हवर नाहीत. रेडिओ ऑस्ट्रेलियाचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०१७ला बंद झालं, बीबीसी हिंदीचं २०२० साली त्याच तारखेला. "आमची सर्वपित्री ३१ जानेवारीला," तो म्हणाला.

मी विचारलं, "सगळीकडं पाच-पाच लिहून टाकलं तर?"

"मग त्यांना उपयोग काय? कार्यक्रम आवडला का, हे तिथला इंजिनिअर विचारतच नाही. इथवर कसा पोचला, एवढंच त्याला हवं असतं."

मी मित्राला वर्षभर अभिप्राय देत होतो. पोच एकदाही दिली नव्हती. तेव्हापासून जाहिराती बंद केल्या आणि दर गुरुवारी रात्री नऊच्या आधी फोन सुरू केला. काय लागलं, विचारायचं. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. कंटाळा आला तर तसं सांगून ठेवून द्यायचं. यामुळं तो कामाला लागला का? नाही. काकूंच्या मते मीही त्याच्या नादी लागलो.

पण एका गुरुवारी तो म्हणाला, "आठवडाभर लावलाच नाही." मी कारण विचारलं. "कशाला लावायचा?"

हे वाक्य वर्षभरापूर्वी ऐकलं असतं तर मी पेढे वाटले असते. सुटलं एकदाचं ते खूळ! काकूंना तसंच वाटत होतं. मला मात्र ते 'बघू'पेक्षा फार वाईट वाटलं. नोकरीचा कंटाळा येणं एक आणि जिवापाड आवडणाऱ्या गोष्टीतली गोडी जाणं दुसरं. हे दुसरं नैराश्याच्या मुख्य लक्षणांत मोजतात. आळशी माणसाचा रेडिओ बंद पडत नसतो. शनिवारी सांगलीला गेलो. तार एका टोकाला सुटून गच्चीवर लोंबत होती. मी उपदेश केला नाही. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेऊन ठेवली होती, तिथं बरोबर गेलो, बाहेरच्या बाकावर बसलो. ज्यांच्या गावी डॉक्टर नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं. हा नंबर इथं मुद्दाम लिहितोय.

माझ्या डोक्यात राहून गेलं ते एवढंच की ज्या छंदात मला काडीचा रस नाही, त्याच्या चौकशीतूनच मला त्याचं आजारपण कळलं. नोकरीबद्दल विचारत राहिलो असतो तर "बघू" ऐकत राहिलो असतो. आपल्या मित्राच्या नादाला नावं ठेवणाऱ्यांनी निदान त्यावर नजर तरी ठेवावी.

औषधं सात महिने चालू आहेत. नोव्हेंबरात काकूंच्या हयातीच्या दाखल्यासाठी तोच त्यांना बँकेत घेऊन गेला. ओळखीच्या दोन दुकानदारांचे हिशेब घरी बसून लिहितो. नोकरी नाही, आणि ती लागेल असं मला वाटत नाही. उठतो अजून अकरालाच.

मागच्या गुरुवारी मी फोन केला तर उचलला नाही. साडेनऊला त्याचाच आला. तार तुटली होती म्हणे, टाकीवर चढला होता.