अदृश्य चाकरांचा हिशेब

आपल्या घरांत आपल्या नकळत काय चालतें हें जाणण्याचा मनुष्याला अधिकार आहे काय, आणि असल्यास तो त्यानें कसा वापरावा, हा प्रश्न वरवर पाहतां नीतिशास्त्राच्या ग्रंथांत शोभणारा वाटतो. मजपुढें मात्र तो एका लहानशा लुकलुकणाऱ्या दिव्यामुळें उभा राहिला. प्रश्न मोठा असला म्हणजे तो मोठ्या दारानेंच येतो असें नाहीं.

माझ्या घरीं २०१४ सालीं घेतलेला एक संगणक आहे. हल्लींच्या बहुतेक यंत्रांत माहिती चिपांवर सांठविली जाते व तें काम अगदीं मुक्यानें चालतें. माझ्या यंत्रांत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. तिच्यांतील चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडा कोठें वाचीत, कोठें लिहीत, इकडून तिकडे धांवत असतो. तो धांवूं लागला म्हणजे कुरकुर असा आवाज येतो व पेटीवरील दिवा लुकलुकतो.

२०२३ च्या पावसाळ्यांत असें होऊं लागलें कीं, रात्रीचीं जेवणें आटोपून घर शांत झालें, संगणकापाशीं कोणीहि नसलें, म्हणजे हा आवाज आपोआप सुरू होई. कांहीं वेळ चाले, थांबे, पुन्हां सुरू होई. मीं उठून जवळ जावें, माउसला हात लावावा, तों आवाज बंद! परत येऊन आरामखुर्चीवर टेंकावें, तों थोड्या वेळानें कुरकुर चालू. मालकाची चाहूल लागतांच थबकणारें पाऊल कोणाचें असतें, हें कोणालाहि सांगावयास नको.

त्या वर्षीं माझा भाचा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आला होता. दिवसां तो त्या संगणकावर बसे. नवीन मनुष्य घरांत आला आणि नवीन उपद्रव सुरू झाला, एवढी सांगड माझ्या मनाला पुरेशी झाली. एके रात्रीं मीं त्याला म्हटलें, "अरे, काय भरून ठेवलं आहेस त्या यंत्रात? रोज रात्री कुरकुरतं तें."

तो म्हणाला, "मामा, मी काहीच केलेलं नाही."

मी त्यावर कांहीं बोललों नाहीं. परंतु न बोलण्याच्याहि तऱ्हा असतात, आणि माझ्या न बोलण्याचा अर्थ त्याला कळला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या खोलींत जाईनासा झाला. कॉलेजच्या ग्रंथालयांत रात्रीं नऊ नऊ वाजेपर्यंत बसूं लागला. कोणीं कांहीं विचारलें तर उत्तर देई. आपण होऊन बोलत नसे.

नैयायिकांनीं धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास शिकविलें. पण जो हेतु साध्य असलेल्या ठिकाणीं आढळतो तसाच नसलेल्या ठिकाणींहि आढळतो, त्याला 'सव्यभिचार' म्हणून त्यांनीं हेत्वाभासांत ढकललें. न सांगतां होणारी हालचाल हा तसलाच हेतु आहे. चोर न सांगतां वावरतो, आणि पहाटे सर्वांच्या आधीं उठून अंगण झाडणारी गृहिणीहि न सांगतांच वावरते. जनाबाईच्या जात्याला अदृश्य हात लागत असे ही कथा लहानपणापासून ऐकलेल्या माणसालाहि, स्वतःच्या घरांत आवाज होतांच, आठवतो तो चोरच! मीं तर आवाजावरून अपराधावर आणि अपराधावरून थेट माणसावर उडी घेतली.

दिवाळीला भाचा आपल्या गांवीं गेला. आवाज मात्र गेला नाहीं. माझें अनुमान अशा रीतीनें कोसळल्यावर मला प्रथमच खऱ्या चौकशीची बुद्धि झाली. प्रथम इंटरनेटची तार काढून पाहिली. तरी कुरकुर चालूच. म्हणजे बाहेरचा कोणी त्या घटकेला बसून हें चालवीत नव्हता. मग यंत्रांतच असलेला 'रिसोर्स मॉनिटर' उघडला. कोणता कार्यक्रम या क्षणीं डिस्कवरील कोणती फाईल वाचीत वा लिहीत आहे, याची चालती यादी तो दाखवितो. यादी पडद्यावर ठेवून मी हाताची घडी घालून समोर बसलों. हात लावला कीं आवाज थांबतो हें ठाऊक झालेलें होतें. म्हणून माउसला स्पर्शहि केला नाहीं. थोड्या वेळानें कुरकुर सुरू झाली, आणि यादींत एकामागून एक नांवें वर येऊं लागलीं.

एक कार्यक्रम प्रत्येक लेखांतील शब्द वाचून त्यांची सूची करीत होता. पुढें मीं एखादा शब्द शोधला तर तो चटकन सांपडावा म्हणून. दुसरा फायलींत कांहीं रोग शिरला आहे काय, तें तपाशीत होता. तिसरा डिस्कवर विखुरलेले तुकडे उचलून एकत्र लावीत होता. हीं सर्व कामें रिकाम्या वेळीं करावीं, आणि मालकानें यंत्राला हात लावतांच तीं बाजूला ठेवावीं, अशी त्यांची योजनाच असते. ज्याला मीं चोराचें थबकणें समजलों, तें आदबशीर चाकराचें बाजूला सरणें होतें.

मग पावसाळ्यांतच हें कां सुरू व्हावें? त्याचेंहि उत्तर मिळालें, आणि तें मला खालीं मान घालावयास लावणारें होतें. या निगराणीची ठराविक वेळ रात्रीं दोनची होती. पूर्वीं संगणक रात्रभर चालू असे, त्यामुळें आम्ही झोंपेंत असतां सर्व उरकून जाई. जूनमध्यें विजा चमकूं लागल्या तेव्हांपासून मी निजण्यापूर्वीं त्याचें बटण भिंतींतूनच बंद करूं लागलों, आणि पावसाळा सरल्यावरहि ती संवय तशीच राहिली. दोन वाजतां चुकलेलें काम यंत्र पुढें जेव्हां रिकामें सांपडे तेव्हां, म्हणजे आमच्या जेवणानंतर, हातीं घेई. उपद्रवाचें मूळ भाच्याच्या येण्यांत नव्हतें. माझ्याच बोटांत होतें.

येथें कोणी म्हणेल कीं, जें हितकर आहे तें आपल्या नकळत चाललें तर बिघडलें कोठें? आपलें हृदय आपल्याला विचारून का धडधडतें? अन्न पचविण्यापूर्वीं जठर आपली परवानगी मागतें काय? आक्षेप वाजवी आहे. पण दृष्टांत अपुरा आहे. माझ्या जठराला माझ्यावांचून दुसरा धनी नाहीं. यंत्रांतील चाकराला मात्र दोन धनी असूं शकतात: एक घरांत बसलेला, आणि एक त्याला घडवून दूर बसलेला. त्याच रात्रीं मला यादींत आणखी एक नांव दिसलें होतें. यंत्राबरोबर न मागतां आलेला तो कार्यक्रम मी काय काय वापरतों याची नोंद ठेवून ती आपल्या निर्मात्याकडे धाडण्याच्या खटपटींत होता. माझी संमति त्यानें घेतलेली होती. न वाचतां मान्य केलेल्या लांबलचक करारांत ती कोठें तरी होती. त्याला चोर म्हणवेना आणि चाकरहि म्हणवेना. मीं त्याला रजा दिली. पण एवढें खरें कीं, तो यादींत आपल्या नांवानें उभा होता. म्हणूनच रजा देतां आली.

सर्वच असे उभे राहत नाहींत. मार्क रुसिनोविच या अमेरिकन संगणकतज्ज्ञाला २००५ सालीं आपल्याच यंत्राची तपासणी करितांना कांहीं दडविलेल्या फायली आढळल्या. माग काढतां काढतां कळलें कीं, सोनी बीएमजी या कंपनीची गाण्यांची जी सीडी त्यानें पैसे देऊन विकत आणली होती, तिच्यांतूनच हा पाहुणा आंत शिरला होता. गाण्यांच्या मनमानी नकला होऊं देऊं नयेत, एवढेंच त्याचें मूळ काम. परंतु सीडी वाजत नसतांनाहि तो दर दोन सेकंदांनीं यंत्रांत चालू असलेल्या कार्यक्रमांची झडती घेई, आणि आपण स्वतः कोणत्याहि यादींत दिसूं नये अशी तजवीज त्यानें केलेली होती. करारांत या लपण्याचा उल्लेख नव्हता. त्याला घालविण्याची सोय दिलेली नव्हती. आणि हातानें उपटून काढावा तर यंत्राचें सीडी वाचण्याचें साधनच दिसेनासें होई. ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं रुसिनोविचनें हें सर्व प्रसिद्ध केलें. तेव्हां बोभाटा झाला, आणि नोव्हेंबरमध्यें कंपनीला तसल्या सीडी बाजारांतून परत घ्याव्या लागल्या. पण तत्पूर्वींच, या पाहुण्यानें उभारलेल्या आडोशाला दुसरे अस्सल लुटारू कार्यक्रम लपूं लागले होते.

आपल्या मालाचें रक्षण करावें या इच्छेंत कंपनीचें कांहीं चुकलें असें मी म्हणत नाहीं. चुकलें तें दुसऱ्याच्या घरांत शिरून तोंड लपविण्यांत. यावरून मला असें वाटतें कीं, चाकर आणि चोर यांतील भेद शांततेंत नाहीं, काळोखांत नाहीं, फार काय, केवळ हेतूंतहि नाहीं. तो उत्तर देण्यांत आहे. 'कोण रे तूं, आणि काय करितोस?' असें विचारल्यावर जो नांव सांगतो व कामाचा हिशेब पुढें ठेवतो, तो न सांगतां वावरला तरी घरचाच. जो विचारण्याची वाटच बुजवून टाकतो, तो उपकार करावयास आला असला तरी परका. विश्वास म्हणजे कधींच न विचारणें नव्हे. विचारलें असतां खरें उत्तर मिळेल अशी खात्री, म्हणजे विश्वास. आमच्या वसाहतींत रात्रीं गुरखा काठी आपटीत फिरतो. त्या ठक् ठक् आवाजानें कोणाची झोंप मोडत नाहीं. उलट त्यानेंच ती लागते, कारण तो आवाज हाच त्याचा हिशेब असतो.

परंतु हिशेब देण्याचें कर्तव्य जसें चाकराचें, तसें हिशेब मागण्याची रीति पाळणें हें धन्याचें कर्तव्य आहे. आणि तेथेंच मी चुकलों होतों. दिवाळी करून भाचा परत आला त्या रात्रीं मीं त्याला संगणकापुढें बसविलें, यादी उघडून दाखविली आणि म्हटलें, "चूक माझी होती. रात्री बटण बंद करणारा मीच."

तो बराच वेळ त्या नांवांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही मला आधी विचारलं असतंत, तर दोघांनी मिळून एका संध्याकाळीत शोधून काढलं असतं."

'विचारलें तर होतें!' असें म्हणावयास मीं तोंड उघडलें, आणि मिटलें. 'काय भरून ठेवलं आहेस' या वाक्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह असेल; पण तो प्रश्न नव्हता, निकाल होता. यंत्राची चौकशी करावयाची तेव्हां मी हाताची घडी घालून, श्वास रोधून, त्याला आपलें काम करूं देत पाहत बसलों. घरच्या मुलाच्या वांट्याला मात्र मीं तेवढाहि धीर येऊं दिला नव्हता. यंत्रानें नांवें सांगितलीं तीं मीं खरीं मानलीं. मुलानें 'मी केलेलं नाही' असें सांगितलें, तें मात्र मला उत्तर वाटलें नाहीं. ज्यानें उत्तर दिलें तो घरचा, हा जर माझा नियम, तर त्या पावसाळ्यांत परक्यासारखें वागलें कोण?

निगराणीची वेळ भाच्यानें आतां बदलून आमच्या जेवणाची करून ठेवली आहे. पानावर बसलों म्हणजे शेजारच्या खोलींतून कुरकुर ऐकूं येते, आणि तो मजकडे पाहून हंसतो. मीहि हंसतों. थोडी लाज वाटते, ती अजून गेलेली नाहीं. आणि जाऊं नये असेंच मला वाटतें.