वहीत काय लिहू?

शिक्षकी पेशात तीस वर्षे घालवली की खरे काय आणि खोटे काय हे आपल्याला पुरते कळते, असे माणसाला वाटू लागते. माझा हा भ्रम नववीतल्या एका मुलीने घालवला.

आमची शाळा बेळगावजवळच्या खेड्यातली, मराठी माध्यमाची. या मुलीची आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दुपारच्या आहारातला उरलेला भात पाहून मुलीने विचारले, ''सर, याचा गॅस होईल का?'' कल्पना नवी नव्हती. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील 'आरती' संस्थेला खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या गॅस संयंत्राबद्दल 2006 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. शेणातला कस जनावराने आधीच काढून घेतलेला असतो, भातातला शिल्लक असतो. म्हणून थोड्या भातातून पुष्कळ गॅस मिळतो.

मुलांनी प्लास्टिकची दोन पिंपे एकात एक उपडी बसवली, विरजणाला शेणकाला घातला. वरचे पिंप रोज किती बोटे उचलले हे ती मुलगी वहीत टिपू लागली. तीनेक आठवड्यांनी निळी ज्योत पेटली आणि त्या ज्योतीवरचा चहा आम्ही सगळ्यांनी घेतला.

पुढे 2022 साली तिची कल्पना 'इन्स्पायर' योजनेत निवडली गेली, दहा हजार रुपये मिळाले. प्रदर्शन थंडीत होते. जास्त गॅस हवा म्हणून आम्ही भात दुप्पट घातला. तिथेच चुकलो. भाताचे आधी आम्ल होते, मग सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. आम्ल फार साचले की हे सूक्ष्मजीवच मंदावतात. पिंप वर उचलले खरे, पण आत बहुतेक कार्बन डायऑक्साइड. काडी लावली की विझे.

आदल्या संध्याकाळी विज्ञानाचे सर म्हणाले, ''टेबलाखाली छोटा सिलिंडर ठेवू. एरवी पेटतोच की आपला गॅस.'' मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. म्हणजे हो म्हटले.

ज्योत पेटली. मुलीने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये परीक्षकांना सगळे समजावले. क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्या खोलीत आली. ''सर, कालच्या तारखेला काय लिहू? पेटला म्हणून, की नाही म्हणून?''

मी मनाशी वकिली करून पाहिली. कुणाचे नुकसान झाले? प्रयोग तर खराच होता! पण उद्या दुसऱ्या गावात एखाद्याचे पिंप असेच आंबेल, तेव्हा त्याला उपयोगी पडेल ते आमचे न पेटलेले पान, सन्मानपत्र नव्हे. आम्ही झाकले ते नेमके तेच. पृथ्वीचे इंधन आम्ही वडीलधाऱ्यांनी बेहिशेबी जाळले, आणि नवे शोधा म्हणून मुलांना सांगतो. निदान त्यांच्या हिशेबाची वही तरी खोटी करू नये.

तरी एक पेच राहिलाच. खरे सांगावे तर बक्षीस जाणार तिचे, आणि चूक माझी. माझ्या सचोटीची किंमत तिने का द्यावी? अखेर मायलेकींनाच विचारले. आई म्हणाली, ''देऊन टाकूया सर. पण पोरीला कुणी लबाड म्हणू नये, एवढं बघा.'' दोष माझा आहे असे स्पष्ट लिहून मी संयोजकांना पत्र पाठवले. क्रमांक गेला. सहकारी काही दिवस माझ्याशी तुटक वागले.

भात बंद केला, थोडी चुन्याची निवळी आणि ताजा शेणकाला घातला, वाट पाहिली. महिन्याभराने ज्योत परत आली. ती तारीखही वहीत आहे. तिच्या आधी बरीच पाने 'आज पेटला नाही' एवढेच लिहिलेली आहेत. नवीन मुले आली की मी त्यांना ती पाने आधी वाचायला देतो.