बसण्याचा हक्क, उठण्याची मुभा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई आणि मोर्वा ही गावे एकमेकांना खेटून वसलेली आहेत. भाईंदरच्या मिठागरांत राबणाऱ्या माणसाच्या कामाची वेळ भरती-ओहोटीने आणि उन्हाने मुक्रर केलेली असे; त्याच्या नातवाची वेळ मात्र मालाडमधील एखाद्या कचेरीने, जिथे सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी रात्रभर ऐकावी लागतात, अथवा एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावरील पहाऱ्याने ठरविलेली असते. आजोबांना व्यायाम निराळा करावा लागला नाही. नातू रात्रपाळी संपवून घरी येतो तेव्हा त्याचे पोट सुटलेले, पाय सुजलेले आणि डोळे चुरचुरत असतात, आणि वर सर्वांचा उपदेश असा की, पहाटे उठून सूर्यनमस्कार घालावेत! औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने पुरस्कार केला, तो उचितच होता. परंतु ज्याची निजण्याची वेळ सूर्योदयाबरोबरच सुरू होते, त्याने काय करावे?

जुन्या गावगाड्यातील जागल्यालाही रात्र जागूनच काढावी लागे. पण त्याचे जागरण पायांवरचे होते. गस्त म्हणजेच फिरणे. आजच्या पहारेकऱ्याची गस्त भिंतीवरचे कॅमेरे घालतात, आणि तो प्लास्टिकच्या खुर्चीत, नोंदवही मांडीवर घेऊन, पडद्यावरच्या सहा रिकाम्या चौकटींकडे पाहत बसतो. एखादी मोटार आली तरच त्याला उठायला निमित्त मिळते. 1953 साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. रात्रीच्या बैठकीत आणखी एक भर पडते: तेच जेवण मध्यरात्री घेतले असता रक्तातील साखर दिवसापेक्षा अधिक चढते, आणि नेमका त्याच वेळी फाटकाबाहेर वडापाव तेवढा मिळतो.

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त अनभ्यस्त जागरणावर जो तोडगा सांगितला आहे, तो मला आजच्या पुष्कळ सल्ल्यांहून व्यवहारी वाटतो: जितका काळ जागरण झाले, त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता, झोपावे. रात्री बैठे काम करणाऱ्याचा पहिला व्यायाम झोप हाच होय. बाकीचे दंड-बैठकांचे कौतुक त्यानंतर. पण खिडकीला जाड पडदा, घरात शांतता आणि दुपारपर्यंत कोणी दार न ठोठावणे, एवढी सामग्री एका खोलीच्या बिऱ्हाडात कोठून आणावी?

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 44 ने उभ्याने काम करणाऱ्या मजुरांसाठी बसण्याची सोय सक्तीची केली. त्या काळाची ती रास्त गरज होती, कारण थकवा म्हणजे उभे राहण्याचा थकवा असेच तेव्हा सर्वांना ठाऊक होते. बसलेल्या माणसाला उठण्याची मुभा द्यावी लागेल, हे कोणाच्या ध्यानी यावे? आजही कचेरीत जागेवरून उठलेली मिनिटे यंत्र मोजते आणि महिनाअखेर त्यांचा जाबसाल होतो. गृहसंकुलाच्या वार्षिक सभेत कॅमेऱ्यांच्या देखभालीचा खर्च विनातक्रार मंजूर होतो. पहारेकरी दर तासाला आवारात एक फेरी मारील, तेवढा वेळ फाटकावर कोणी बसावे, हा प्रश्न मात्र विषयपत्रिकेवर येत नाही, कारण त्याचे उत्तर आणखी एक माणूस हे आहे, आणि त्याला पगार द्यावा लागतो.