कडा हे शस्त्र आहे का?

आमच्या टेबलावर एकदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ पाऊण तास अडला. डोंगरातल्या अरुंद वाटेवर वेअरवुल्फ उभा, आणि खेळाडूंपैकी कुणाकडेच चांदीचं किंवा मंतरलेलं शस्त्र नाही. साध्या तलवारीनं त्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही, हे दोन फेऱ्यांत सगळ्यांना कळून चुकलं होतं. तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘‘मी त्याला कड्यावरून ढकलते.’’ खाली ६० फूट दरी. नियमानुसार दर १० फुटांना एक सहा बाजूंचा फासा, म्हणजे सहा फासे. फासे हातात घेतले तोच शेजारच्यानं हरकत घेतली: पडल्याचा मार ठेचल्याचा असतो, आणि ठेचण्याचा मार वेअरवुल्फला लागतच नाही!

डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी होतो; निर्णय मला द्यायचा होता. २०१४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपाईत हे अभय ‘जादू नसलेल्या शस्त्रां’पुरतं होतं; पुढे दुरुस्ती होऊन ‘शस्त्रां’च्या जागी ‘हल्ले’ आले. जमीन कुणावर हल्ला करत नाही. म्हणून मी सांगितलं, पडला तर लागेल. ओल्यानं नाही, सुक्यानं नाही, दिवसा नाही, रात्री नाही, असं वचन नमुची या असुराला देऊन बसलेल्या इंद्रानं शेवटी त्याला पहाटेच्या संधिकाळी फेसानं मारलं. फेस ओला की सुका? माझा निर्णय त्याच जातीचा होता. शब्दांत बसणारा. पण राक्षसाची मूठ ज्याला काही करत नाही, त्याला दरीतला दगड का लागावा, याचं उत्तर शब्दांत नव्हतं. ते शोधायला मी जुनी पुस्तकं काढली.

१९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला, तेव्हा हे अभय गोष्टींतून आलेलं होतं. वाइट नावाच्या प्रेतावर साधे बाण चालत नाहीत, चांदीच्या टोकाचे चालतात. वेअरवुल्फची चांदी तर ‘द वुल्फ मॅन’ या १९४१च्या चित्रपटानं घरोघर पोचवलेली होती. त्यात तो चांदीच्या मुठीच्या काठीनं मरतो. इथे प्रश्न एकच असतो: तुला काय ठाऊक आहे? ज्यानं गावातल्या म्हातारीचं बोलणं नीट ऐकलं, तो वाचतो.

१९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये या ज्ञानाशेजारी आकडे आले. अमुक प्राण्याला +१ जादूचं शस्त्र लागतं, तमुकाला +२. प्रश्न बदलला: तुझ्याकडे काय आहे? आणि लगेच एक पेच उभा राहिला. असे दोन प्राणी एकमेकांशी झुंजले तर? दोघांकडेही तलवार नाही, म्हणजे झुंज कधी संपायचीच नाही. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सनं तोडगा दिला: ४+१ हिट डाइसच्या (हे प्राण्याच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून दांडग्या प्राण्याचे दात-नखं +१ शस्त्रासारखी धरायची, आणि ताकदीप्रमाणे पुढे +४पर्यंत चढत जायचं. मला हा निर्णय फार आवडतो. नियमाचं अक्षर जिथे हास्यास्पद होतं, तिथे त्यानं जगाची बाजू घेतली.

तिसऱ्या आवृत्तीत हिशेब आला. २००० साली गोलेम नावाच्या लोखंडी पुतळ्यावर +३ शस्त्र नसेल तर प्रत्येक घावातून ५० गुण वजा. २००३च्या दुरुस्तीत तोच आकडा १५ झाला आणि अट झाली अ‍ॅडमन्टाइन धातूची. परीलोकातल्या जिवांसाठी कोल्ड आयर्न, वेअरवुल्फला पुन्हा चांदी. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवणाऱ्या घरात जो वाढला, त्याला लोखंडाचं हे माहात्म्य समजावून द्यावं लागत नाही. खेळाडू मात्र चार धातूंची चार शस्त्रं पाठीवर वागवू लागले. त्याला गोल्फच्या पिशवीची उपमा मिळाली. तरीही मला २००३चा बदल योग्य वाटतो, कारण धातूला कारण असतं आणि +३ला नसतं. सांगाड्यावर धार घसरते आणि गदा हाडं मोडते, हे पुस्तक न उघडताही पटतं.

२०२५च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’नं साध्या शस्त्रांविरुद्धचं हे अभय काढूनच टाकलं. त्यामागचा न्याय मला दिसतो. जादूगाराच्या साध्यात साध्या मंत्रानंही वेअरवुल्फ भाजतो आणि मंतरलेली तलवार न मिळालेला योद्धा संध्याकाळभर हात चोळत बसतो, हे वाईटच. पण त्याबरोबर म्हातारीचं बोलणंही गेलं, आणि ते मला सोडवत नाही. म्हणून माझ्या टेबलावर चांदी अजून आहे.

आणि म्हणूनच त्या दिवशीचा माझा निर्णय मी पुढच्या बैठकीत पुरा केला. सहा फाशांचे २३ आले होते. वेअरवुल्फचे ५८तले ३५ गुण उरले. मी सांगितलं: तो दरीतून लंगडत वर येतोय, पण त्याची मोडलेली बरगडी तुमच्या डोळ्यांदेखत जुळतेय. पडल्यानं तो दुखावतो, मरणार मात्र चांदीनंच. कुणी वाद घातला नाही. ते रातोरात गावात उतरले. चांदीचा मुलामा द्यायला १०० सुवर्णमुद्रा पडणार होत्या, एका तलवारीला तेवढ्याच आणि दहा बाणांनाही तेवढ्याच. सगळ्यांच्या थैल्या ओतल्यावर जेमतेम तेवढ्याच निघाल्या. मग तलवार की बाण, यावर ते चौघं बराच वेळ बोलत राहिले, आणि मला एकदाही पुस्तक उघडावं लागलं नाही.