बुंध्याभोवतीचं कुंपण

कॅलिफोर्नियातलं थ्री रिव्हर्स गाव मागे पडलं की रस्ता चढू लागतो. संत्र्यांच्या बागा खाली राहतात आणि वळणांवर वळणं सुरू होतात. गाडीतल्या गप्पा हळूहळू थांबतात. काहींना मळमळतं म्हणून, हेही खरं. मग दोन हजार मीटरच्या आसपास तांबूस खोडं दिसू लागतात. हे जायंट फॉरेस्ट, सिक्वोया वृक्षांचं रान.

इथला ‘जनरल शर्मन’ नावाचा वृक्ष सुमारे ८३ मीटर उंच आहे. वय अंदाजे २,२०० वर्षं. सातवाहनांच्या सुमारास रुजला असेल म्हणा. लोक मान वर करून पाहतात. तो फोटोत मावत नाही, तरी फोटो काढतात. माझी नजर मात्र खालीच अडकली. बुंध्याभोवती लाकडी कुंपण होतं. एवढ्या थोराला कुंपण कशाला?

मुळांसाठी. सिक्वोयाची मुळं खोल जात नाहीत. उथळच राहून लांबवर पसरतात. माणसांच्या वर्दळीनं वरची माती घट्ट होते आणि मुळांना पाणी, हवा मिळेनाशी होते. कितीतरी वणवे पचवलेल्या झाडाला आपली पावलं जड होतात. तीही मोठ्या भक्तीनं आलेली.

वणव्याशी त्याचं नातं तर वेगळंच. जाड साल त्याला आगीतून तारते. धगीनं सुकून शंकू उघडतात, बारीकसं बी खाली पडतं. जळून मोकळ्या झालेल्या जमिनीवर, उन्हात ते रुजतं. १८९० साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे कित्येक दशकं माणसांनी दिसेल ती आग विझवली, मायेनंच. जुनी झाडं उभी राहिली, पण नवी रोपं येईनाशी झाली. वाळका पाचोळा तेवढा साचत गेला. जपताना आपण आपली भीती पाहतो; समोरच्याला काय सोसतं, हे पाहायचं राहून जातं.

त्या साचलेल्या सरपणाला दुष्काळाची जोड मिळाली. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत हजारो जुने सिक्वोया मेले. शर्मनच्या बुंध्याला २०२१ मध्ये ॲल्युमिनियमचं आवरण गुंडाळलं होतं. तो वाचला. त्या चकचकीत आवरणाचे फोटो जगभर गेले, पण श्रेय फक्त आवरणाचं नव्हतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या उद्यानातले वनरक्षक योग्य हवा पाहून, बेताबेतानं, स्वतःच रानाला आग लावत आले आहेत.