कापलेल्या काडीचं काय करायचं?

फिशटँकमधल्या कॅबोम्बाची काडी पेराखाली कापून वाळूत खोचली की काही दिवसांत मुळं फुटतात. उरलेल्या बुडख्यावर शेंड्यातून येणाऱ्या ऑक्सिनचा धाक राहत नाही, मग त्याचेही बाजूचे डोळे फुटतात. एकाची दोन झाडं! कोल्हापूरकराला याचं नवल नाही. आपला ऊसही कांडीवरच चालतो.

प्रश्न जास्तीच्या काड्यांचा आहे. जिवंत काडी कचऱ्यात टाकवत नाही. मित्र म्हणतो, "रंकाळ्यात सोड की, जगंल बिचारी." तीच तर भीती आहे. २०२० साली केरळच्या कोळिकोड जिल्ह्यातला एक पाणवठा गुलाबी फुलांनी भरला, लोक फोटो काढायला धावले. ती फुलं कॅबोम्बाचीच होती, मूळची अमेरिका खंडातली. अशी वनस्पती दाट माजली की तळाशी ऊन पोचत नाही, तिथल्या वनस्पती मरतात.

हातातली काडी दिसते म्हणून दया येते. पाण्याखालचं मरण दिसत नाही, म्हणून ते हिशोबात धरायचं नाही का?

मी काड्या गच्चीवर कडक वाळवतो आणि कुंडीत घालतो. वाईट वाटतं. पण वाढवलं मी, तर थांबवायचंही मीच. ते काम रंकाळ्यावर ढकलायचं नाही.