पाय आईचे, सही कोणाची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपला संप्रदाय पादुकांचा. नृसिंहवाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. मीही नोकरीत असताना रोज आईच्या पाया पडूनच बँकेत जात असे. पण तिचा तळवा मी कधी पाहिलाच नव्हता, हे दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं.

आई तेव्हा ८४ वर्षांची, मधुमेह जुना. चैत्री पौर्णिमेला वाडीला तापलेल्या फरशीवरून ती अनवाणी चालली. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, चटका कळत नाही. फोड आला, फुटला, तिला दुखलंच नाही. बोट काळं पडून वास येऊ लागला तेव्हा आम्हाला समजलं.

डॉक्टर म्हणाले, "आता बोट काढलं तर पाऊल वाचू शकेल. थांबलात तर संसर्ग वर चढेल, जिवावरही बेतेल. या वयात ऑपरेशनचा धोकाही आहेच." इंजेक्शनं चालू करून त्यांनी विचाराला एक दिवस दिला.

धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "आईला सांगू नकोस. ड्रेसिंग म्हणून ने, सही तू कर." बहीण म्हणाली, "या वयात कशाला कापाकापी?" दोघांचंही प्रेमच होतं. मीही रात्री भावाचं ऐकायचं ठरवलं होतं. पण झोप लागेना. ३६ वर्षं बँकेत काढली. खातेदार धडधाकट शुद्धीत असताना मुलानं त्याच्या नावाची सही केली, तर शंभर रुपयांचा चेकसुद्धा आम्ही परत करत असू. आणि इथे तर आईचा देह!

सकाळी तिच्याजवळ बसून दोन्ही बाजूंचे धोके सांगितले. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "महाराजांनी दिलेला देह अखंडच परत करावा असं वाटतं रे." मी वाद घातला नाही. "तू नको म्हणालीस तरी मी तुझ्याजवळच आहे," एवढंच म्हणालो. खरं सांगतो, पोटात गोळा आला होता.

दुपारी तिनं डॉक्टरांनाच विचारलं, "बोट गेलं तर घाटाच्या पायऱ्या उतरता येतील?"

"जखम भरल्यावर, कोणाचा तरी हात धरून. पण अनवाणी कधीच नाही."

तिनं चष्मा मागितला, कागद वाचायला लावला आणि सही स्वतः केली.

भक्तहो, आईवडिलांच्या वतीनं ठरवून टाकणं म्हणजे सेवा, असं आपण धरून चालतो. त्यांची शुद्ध हरपली तर ते आपल्यालाच करावं लागतं. पण शुद्ध असेल तर खरं सांगावं, विचाराला वेळ द्यावा, आणि निर्णय आपल्याला पटला नाही तरी सोबत सोडू नये. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. आईनं नकार दिला असता तर मला ते निभावलं असतं का, देव जाणे.

आता रोज रात्री तिचे तळवे उजेडात धरून बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. नमस्कार त्यानंतर.